विचारायचंय तर आधी विचारा, आणि पैसे समोर ठेवून विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

महापालिकेचं बजेट ठरवायच्या आधी लोकांना विचारा, एवढं सांगायला हे पत्र.

हद्दवाढीचा, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घ्यायचा विषय निघाला की आपल्या कोल्हापूर शहरातली माणसं पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी, कळंबा ह्या गावांना लगेच नावं ठेवायला लागतात, की बाजार आमचा, दवाखाना आमचा, केएमटीची बस आमची आणि घरफाळा (घरपट्टी) भरायची वेळ आली की हे म्हणणार आम्ही गाव. असेल, त्यात थोडंफार खरं असेलही. पण त्या गावातल्या एखाद्या बाईला 26 जानेवारीला किंवा 1 मे ला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतंय की आमच्या गल्लीतली गटार ह्या वर्षीच्या कामात धरली का नाही आणि नसली तर का नाही. उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही, कोरम नसतो, कधी सभा नुसती कागदावरच होते, ते सगळं आम्हालाही माहिती आहे. तरी विचारायची एक जागा आहे. आमच्यात, म्हणजे 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाख लोक मोजलेल्या शहरात, ती पण नाही. 1972 ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली तवापासून हद्द एक इंच वाढली नाही म्हणून आपण रडतोय, पण आमच्यात या म्हणून त्यांना बोलवताना त्यांच्या हातात आहे ते काढूनच घेणार असू तर ते कशाला येतील.

माझं साने गुरुजी वसाहतीकडं छोटं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. लोक घरफाळ्याची बिलं, पाणीपट्टीच्या तक्रारी, अर्ज, सह्यांची निवेदनं असलं सगळं घेऊन येतात, त्यामुळं कुठल्या गल्लीत काय बोंबाबोंब चाललीय ते मला नगरसेवकाच्या आधी कळतं, हे गमतीनं सांगत नाही. ह्या निवेदनांत एक गोष्ट सारखी असते. सगळी काम झाल्यावर किंवा न झाल्यावर लिहिलेली. रस्ता केला आणि आठ दिवसात पाईपसाठी उकरला, दिव्याचा खांब नको तिथं रोवला, बागेला कंपाउंड घातलं पण आत संडास नाही. आधी कुणी विचारलं होतं का, तर नाही.

कोल्हापूरला नंतर बोलायला शिकवायची गरज नाही हो. टोलचं बघा. 220 कोटींचा रस्ते प्रकल्प, 49.99 किलोमीटर, बीओटीवर, म्हणजे कंपनीनं बांधायचं आणि टोलमधनं वसूल करायचं, आणि वसुली 30 वर्षं, हा करार होताना शहरातल्या किती लोकांना त्याचा मजकूर माहिती होता? नाके उभे राहिले तेव्हा कळलं. मग एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा ह्यांच्यासारखी वयस्कर माणसं पुढं, मागं सगळ्या पेठा, तालमी, रिक्षावाले, बायका, आणि वर्षानुवर्षं मोर्चे काढून शेवटी तो टोल घालवला. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी आणि लोकांनी किती दशकं घालवली ते पण सगळ्यांनी बघितलंय, 2025 च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झालं. म्हणजे निर्णय उलटा फिरवायची ताकद आहे. मला विचाराल तर ही ताकद निम्म्याहून जास्त वाया जाते, कारण ती आधीच झालेलं निस्तरण्यात जाते. तोच कागद सहीच्या आधी पाच ठिकाणी वाचून दाखवला असता तर लोकांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की शहराच्या हद्दीत रोज ये-जा करणाऱ्यानं टोल का द्यायचा.

आता बजेटचं. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली त्यानंतर पाच वर्षं आपल्याकडं प्रशासक. आयुक्तांनीच बजेट करायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. त्यात कुणा अधिकाऱ्याची चूक आहे असं माझं म्हणणं नाही, निवडणुकाच लागल्या नाहीत तर ते तरी काय करणार. पण लोकांना एवढ्या वर्षांत सवय लागली की बजेट म्हणजे पेपरात येणारा एक मोठा आकडा, हजार कोटींच्या पुढचा, त्याच्याखाली महसुली व भांडवली एवढे, विशेष प्रकल्प एवढे, वित्त आयोग एवढे, आणि घरफाळा वाढला का नाही तेवढं बघून पान उलटायचं. आता 2026 च्या जानेवारीत निवडणूक होऊन 81 नगरसेवक सभागृहात आलेत, 20 प्रभाग आणि एकेका प्रभागात चार, एकात पाच. चार झाल्यानं सोय झाली का, तर उलटं झालंय. एकाकडं गेलं की तो म्हणतो ते काम त्यांच्याकडं आहे, त्यांच्याकडं गेलं की ते म्हणतात निधी ह्यांनी घेतला. निवडून आल्यावर चौघं एका टेबलावर कधी बसलेले कुणी बघितलेत का सांगा.

ह्यावर एक उपाय काही नवा नाही आणि परदेशातनं शोधून आणायची पण गरज नाही, पुण्यात 2006 पासून आहे. पुणे महापालिका दरवर्षी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात फॉर्म काढते, नागरिकानं आपल्या भागातलं काम सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं, इंजिनियर बघणार होण्यासारखं आहे का आणि खर्च किती, मग प्रभाग समितीत जाऊन पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये येणार. एका कामाला साधारण 5 लाखांची मर्यादा आणि प्रभागाला ठराविक रक्कम. ऐकायला भारी वाटतंय. पण वीस वर्षांत तिथं काय झालं तेही बघायला पाहिजे, नाहीतर आपण तेच आणणार. फॉर्म भरणारे लोक थोडे, त्यात सोसायट्यांवाले जास्त आणि वस्तीतले कमी, बाकडी, फूटपाथ, नावाच्या पाट्या असली कामं भरपूर, आणि आपण दिलेल्या फॉर्मचं पुढं काय झालं ते कळत नाही ही तक्रार. काही ठिकाणी तर नगरसेवकाचीच यादी नागरिकांच्या नावावर भरली गेली अशी ओरड होती. म्हणजे फॉर्म आहे पण समोरासमोर बसणं नाही. झेरॉक्सवाली असून सांगते, नुसत्या फॉर्मनं काही होत नाही.

मुळात ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, 1989 ची. तिथं शहराचे 16 भाग केले, प्रत्येक भागात लोकांच्या उघड्या सभा, त्यात लोकांनी आधी हे ठरवायचं की आमच्यात पहिलं काय, पाणी का ड्रेनेज का रस्ता का शाळा, मग आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी महापालिकेच्या लोकांबरोबर बसून पैसे वाटायचे. मला त्यात सगळ्यात आवडलं ते गुणांचं. कुठल्या भागात सोय किती कमी आहे, लोकसंख्या किती आणि लोकांनी कशाला पहिला नंबर दिला, ह्यावर गुण पडायचे आणि ज्या भागात ड्रेनेजच नाही त्याला ड्रेनेजचा पैसा जास्त मिळायचा. ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त, असं नव्हतं. पहिल्या आठ-दहा वर्षांत तिथं पाणी आणि ड्रेनेज पोचलेल्या घरांचं प्रमाण भरपूर वाढलं. पुढं 2004 ला हे आणणारा तिथला सत्तेतला पक्ष निवडणूक हरला, हळूहळू सगळं थंडावलं आणि 2017 ला ते थांबवलंच, म्हणजे सत्तेवर बसलेल्याची मर्जी फिरली की असली गोष्ट मोडते. म्हणून मी म्हणते की हे एका महापौराच्या किंवा एका आयुक्ताच्या चांगुलपणावर ठेवू नका, ठराव करून नियमात घाला. केरळनं 1996 ला लोकयोजना आणली तेव्हा राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा सरळ स्थानिक संस्थांना देऊन टाकला आणि मग म्हणाले बसा आता ग्रामसभेत आणि ठरवा. आधी पैसा, मग चर्चा.

आपल्याकडं होतं ते नेमकं उलटं. सूचना मागवतात. सूचना मागवायला काय जातंय, पेटी ठेवली, ईमेल दिला, झालं. लोक लिहितात उड्डाणपूल करा, मेट्रो आणा, रंकाळा स्वित्झर्लंडसारखा करा (एकानं खरंच लिहून आणलं होतं, टाईप करून दिलं मी), आणि साहेब लोक हसतात की बघा लोकांना काही कळत नाही. अहो पैसे किती आहेत ते सांगितलं नाही तर माणूस मेट्रोच मागणार की. त्याच माणसाला सांगा की तुझ्या प्रभागाला 50 लाख आहेत, ह्याच्यात काय करायचं ते तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगा, तो दुसऱ्या मिनिटाला हिशोबाला बसतो. तालीम मंडळात बघा, वर्गणी किती जमली ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि मग मिरवणुकीत काय करायचं काय नाही ह्यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडतात पण आकड्याच्या बाहेर कोण जात नाही, गेला तर खिशातनं घालतो. ह्याच माणसांना बजेट कळत नाही असं कोण म्हणतंय?

तर माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक प्रभागाला महापालिकेच्या स्वनिधीतनं, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातनं, 50 लाख बाजूला काढून ठेवा. 20 प्रभाग म्हणजे 10 कोटी, हजार कोटींच्या पुढच्या बजेटात शंभरात एक रुपयासुद्धा नाही. माणशी काढला तर दोनशे रुपये पण होत नाहीत. पैसे नाहीत हे उत्तर येणार ते मला माहिती आहे आणि ते अगदीच खोटं नाही, पगार, पेन्शन, पाणी उपशाचं लाईटबिल हे आधी जातं, केंद्र-राज्याचा पैसा ज्या योजनेचा त्याच योजनेला बांधलेला असतो, वित्त आयोगाचा पण मोठा भाग पाणी आणि कचऱ्याला बांधलेला. मान्य. पण बाजूला काढून ठेवायची सवय महापालिकेला आहेच की, महिला व बालकल्याणला 5 टक्के, दिव्यांगांना 5 टक्के, ते काढतातच. (महिला बालकल्याणच्या पैशातनं काय करायचं हे महिलांना कधी विचारलंय का, हा अजून एक विषय होईल. शिलाई मशीन आणि ब्युटी पार्लरचा कोर्स ह्याच्यापुढं कुणाची गाडीच जात नाही. आम्हाला बाजारात आणि स्टँडजवळ स्वच्छ संडास पाहिजे, ज्याला कडी लागते.)

विचारायची वेळ पण महत्त्वाची. आयुक्त स्थायी समितीला बजेट देतात, तिथनं ते महासभेत जातं आणि 31 मार्चच्या आत सगळं उरकायचं असतं. त्या गडबडीत कोण कुणाचं ऐकणार, तोवर सगळे हेड, म्हणजे खर्चाची खाती, भरलेले असतात आणि नगरसेवकांची ओढाओढ सुरू असते. म्हणून अनंत चतुर्दशी झाली की दिवाळीपर्यंत, नवरात्र सोडून, सभा घ्या. तेव्हा तालमींचे हॉल मोकळे असतात, महापालिकेच्या शाळा आहेत. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालयं आहेत, तिथला इंजिनियर सभेला पाहिजेच, कारण लोक म्हणणार गटार करा आणि तो तिथंच सांगू शकतो की उतार उलटा आहे, आधी पुढचं चेंबर खाली घ्यावं लागेल आणि त्याला एवढा खर्च. असली चर्चा लोकांना आवडते. एक प्रभाग म्हणजे पंचवीस-तीस हजार माणसं, ती एका हॉलात मावणार नाहीत, तेव्हा प्रभागाचे पाच-सहा तुकडे करावेच लागतील. आणि एकच सभा संध्याकाळी सात वाजता ठेवू नका, त्या वेळेला बायका भाकरी थापत असतात, एक दुपारची ठेवा, एक रविवारची ठेवा.

हे मी मनानं सांगत नाही, कायद्यात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड कमिट्या आल्या आणि 2009 ला आपल्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभा घातली, पेपरवाले तेव्हा नगरराज म्हणायचे त्याला, म्हणजे मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांची सभा, शहरातली ग्रामसभाच म्हणा. आमच्या भागात अशी सभा झालेली मी तरी बघितलेली नाही. का नाही ह्याला लय डोकं लावायला नको, नगरसेवकाला वाटतं माझं महत्त्व जाईल, अधिकाऱ्याला वाटतं डोक्याला ताप, आणि आम्हाला, म्हणजे लोकांना, वाटतं आपल्याला कोण विचारतंय, त्यापेक्षा नगरसेवकाला फोन केलेला बरा.

तालमीवालेच सगळं ताब्यात घेतील, ही भीती मला खरी वाटते. आमच्या पेठांमध्ये चार पोरं जोरात बोलली की बाकीचे गप्प बसतात, आणि मग 50 लाखांत एक ओपन जिम, एक स्वागत कमान आणि उरलेल्या पैशात हायमास्ट दिवा. ह्यावर एक करता येईल, हात वर करून ठरवू नका, चिठ्ठीवर गुप्त मत घ्या, आणि पाणी-गटार-संडास ह्याला पोर्तो अलेग्रेसारखे जास्त गुण ठेवा. कमानीला शून्य ठेवा असं मी म्हणणार होते पण मग माझ्या दुकानावर दगड पडतील. भाडेकरूंचं पण बघा, कामाला आलेली कितीतरी माणसं इथल्या मतदार यादीत नाहीत, पण पाणी त्यांनाही लागतं, त्यांना सभेत बोलू तरी द्या.

लोकांना विचारून काय नवीन कळणार असं ज्यांना वाटतं त्यांनी पावसाळ्यात सुतारवाड्यात जाऊन यावं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका हे आपल्याला पेपरातनं कळतं, पण कुठल्या चेंबरमधनं पाणी पहिलं उलटं येतं, कुठल्या बोळातनं म्हातारी माणसं बाहेर काढता येतात आणि कुठल्या नाही, ते तिथल्या बायकांना पाठ आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, 2021 ला परत तेच. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतल्या लोकांना विचारा गणपतीच्या मूर्ती कुठं उचलून ठेवायला जागा पाहिजे, ऐन सिझनला पाणी येतं त्यांच्या घरात. किती लाखांत होईल हे? मला वाटतं 50 लाखांत बसणारी कामं आहेत ही, पण त्याला कुणी हेड उघडत नाही, कारण ती नारळ फोडून फोटो काढण्यासारखी नाहीत.

मोठी कामं ह्यात येत नाहीत हे पण सांगते, नाहीतर लोक म्हणतील हिला सगळं गल्लीतच करायचंय. थेट पाईपलाईन, 50 किलोमीटरच्या वर पाईप, काळम्मावाडी धरणातनं पाणी, 2023 च्या दिवाळीत एकदाचं आलं, ते काय प्रभाग सभेत ठरवायचं काम नव्हे. पंचगंगेत जाणारा जयंती नाला, दुधाळी नाला, लाईन बाजारचा झूम प्रकल्पातला कचऱ्याचा डोंगर, केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला जळलं ते परत उभं करणं, ही शहराची कामं. पण त्यात सुद्धा कमीत कमी एवढं तरी करा की काम कुठवर आलंय, पैसे किती दिले, किती राहिले ते तीन महिन्यातनं एकदा त्या जागेवर बोर्ड लावून लिहा, मराठीत, कळेल अशा अक्षरात. थेट पाईपलाईनच्या वर्षांत किती तारखा ऐकल्या आपण! एक तारीख चुकली की ती का चुकली हे बोर्डावर लिहायला लागलं असतं तर पुढची तारीख देताना माणूस दहा वेळा विचार करतो.

प्रभागातल्या कामांचंही तसंच. लोकांनी ठरवलेलं काम धरलं का, टेंडर कधी निघालं, वर्क ऑर्डर कधी, बिल किती निघालं, आणि नाही धरलं तर का नाही, हे पुढच्या वर्षीच्या सभेत पहिल्यांदा वाचून दाखवायचं आणि मगच नवीन मागण्या घ्यायच्या. हे नाही केलं तर दुसऱ्या वर्षी सभेला खुर्च्याच येतील, माणसं येणार नाहीत.

नवीन नगरसेवकांना माझं सांगणं आहे की एका तरी प्रभागानं ह्या सप्टेंबरात करून दाखवा. ठराव व्हायची वाट बघू नका, चौघांनी मिळून तुमच्या स्वेच्छा निधीतला काही भाग टेबलावर ठेवा, वेगवेगळ्या पक्षाचे असाल तर अजून बरं, लोकांना मज्जा येईल बघायला.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक काम आहे. बजेटच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या पानावर एकूण आकडा आणि पदाधिकाऱ्यांचा फोटो छापता, त्याच्या ऐवजी एकदा प्रभागवार यादी छापा, प्रभाग 1 ला काय, 2 ला काय, करत 20 पर्यंत, एक अख्खं पान जाईल, जाऊ दे. आमच्या भागातल्या लोकांना त्या पानाची झेरॉक्स मी निम्म्या दरात देईन. फुकट देणार नाही, टोनर महाग झालाय.

आपली,
एक घरफाळा भरणारी दुकानदार,
साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर